शिरेवरची माती

मी फौजदार झालो तो आमच्या तालमीच्या वस्तादांमुळे. घरात माझ्याआधी कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. दौंडला कॉलेजात असताना वस्तादांनी तालमीच्या माळ्यावर अभ्यासाला जागा दिली, परीक्षा आली की कुस्ती बंद करून पुस्तकाला बसवलं. म्हणूनच शिरूर पोलीस ठाण्यातली ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही.

खबर पक्की होती. एस.टी. स्टँडमागे एक जण रक्तदाब वाढवणारी इंजेक्शनं पैलवानांना विकत होता. शिरेत टोचली की दम वाढतो, ही पोरांची समजूत. दोन पंच घेऊन सापळा लावला. विकणारा मुद्देमालासह सापडला, त्याच्यासोबत विकत घेणारा एक तरणा पैलवानही.

ठाण्यात तो पैलवान थंडीनं कापत होता.

"नाटक हाय साहेब," हवालदार म्हणाले. "गज दिसलं की समद्यांना ताप येतो."

"किती दिवस ताप आहे रे?" मी विचारलं.

"पंधरा दिस झालं. जिना चढलो तरी धाप लागती."

मी त्याची बाही वर केली. शिरेवर टोचल्याच्या खुणा, त्यावर तांबड्या मातीचा लेप. हळद, ताक, तेल घातलेल्या आखाड्याचा तो वास मला चांगला ठाऊक.

"सुई काढली की माती लावायची. भोक भरून येतं."

"कुठल्या तालमीची माती?"

त्यानं मान खाली घालून सांगितलं. तालीम आमचीच होती!

जबाब बाजूला ठेवून त्याला तडक ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टर बराच वेळ छाती तपासत राहिले. "सुईवाटे जंतू रक्तात जाऊन हृदयाच्या झडपेवर बसलेत, असं वाटतंय. लगेच पुण्याला हलवा, नाहीतर जीव जाईल. आणि हीच सुई आणखी कुणी वापरली?"

तपासाची दिशाच फिरली. रुग्णवाहिकेच्या दारातच मी त्याला गाठलं.

"नावं सांग."

"न्हाई वो साहेब. वस्ताद तालमीतनं काढत्याल त्यास्नी."

"आणि मेले तर?"

त्यानं दोन बोटं दाखवली. मग म्हणाला, "दोघं हायती. नावं मातुर इचारू नका."

वस्तादांना फोनवर ऐकू येत नाही. मी तिथंच चिठ्ठी लिहिली आणि हवालदारांना मोटारसायकलवर पिटाळलं. चार तासांत रुग्णालयापुढे जीप थांबली. वस्ताद उतरले. मागून पैलवान उतरले, माना खाली.

"फौजदार, तू दोघं लिवलंस. हितं तिघं निघाली!"

तिघांपैकी एकाला ताप होता, आणि दुखणं तेच निघालं. त्याला त्याच दिवशी औषध सुरू झालं. पहिल्याच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली. तो आता कुस्ती खेळत नाही, पण ट्रॅक्टर चालवतो, हसतो. तेव्हापासून आजारी आरोपीला मी कधी नाटकी म्हटलं नाही. आणि काही माणसं पोलिसांनी शोधून मिळत नाहीत, हेही त्या दिवशी शिकलो. ती चिठ्ठी अशी:

"वस्ताद, साष्टांग नमस्कार. आपली पोरं एकाच सुईनं शिरेत औषध टोचतात आणि वर आखाड्याची माती लावतात. त्या भोकातून घाण थेट काळजात पोचते. एक जण दवाखान्यात आहे, जगण्याची खात्री नाही. आणखी दोघं आहेत. ताप नसला तरी तपासायला हवेत. माझी केस विकणाऱ्यावर आहे, पोरांना मी दवाखान्यासाठी बोलावतोय. त्यांना तालमीतून काढू नका, एवढं माझं ऐका. मी शोधायला आलो तर ती पळतील. तुम्ही हाक मारा."