साडूच्या गाडीला हादरा नाही

"मला शिकवू नकोस. वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस तो. दुकानदारांच्या तराजूच्या दांड्या सरळ करतो आणि सहाच्या ठोक्याला घरी जातो. त्याला इंजिनातलं काय कळतंय?"

"कळतं असं मी कुठं म्हणाले? मी एवढंच म्हणाले की काकांच्या गाडीवर हात बधिर होत नाहीत."

"आणि माझ्या गाडीवर?"

लेकीनं हातमोजे काढून दोन्ही पंजे बापापुढं धरले. बोटं लालबुंद झाली होती आणि अजून थरथरत होती. "बघा. पाच फेऱ्या मारून आले, अजून कप धरवत नाही."

"मोजे जाड घाल."

"बाबा!"

"बरं, हँडलला रबर गुंडाळू."

"बाबा, कमी वेगात लोण्यासारखी पळते हो. पण मूठ जरा पिळली की चाळण हलवत बसल्यासारखं होतं. वळणावर ब्रेक बोटात आहे की नाही तेच समजत नाही. काकांची कितीही पिळा, आपली गुमान पळते." मग ती जरा थांबून म्हणाली, "शनिवारी शर्यतीचा अर्ज द्यायचाय. एका माणसाला एकच गाडी. सांगाड्याचा नंबर लिहावा लागतो."

"कुणाचा लिहिणार?"

ती खाली बघत म्हणाली, "अजून सहा दिवस आहेत."

या माणसाला सगळे सूतमामा म्हणायचे. लेथवर तीस वर्षं काढलेला टर्नर. कुणी काहीही घेऊन आलं, पंपाची दांडी असो की गेटाची बिजागरी, की हा डोळा बारीक करून म्हणणार, "सूतभर घ्यावं लागेल." आणि घेणारच. लोखंड काढायची त्याला खोडच होती. जेवायला बसला तर ताटाची कड बोटानं चाचपायचा, कुठं खरबरीत लागते का म्हणून. बायको म्हणायची, बरं झालं मी माणूस आहे, नाहीतर मलाही लेथच्या चकात धरून सूतभर काढलं असतं.

दुकान घराला चिकटून होतं. एक लांबडी खोली, मधोमध लेथ, कोपऱ्यात ड्रिल मशीन, खाली लोखंडाच्या किसाचा ढीग, आणि मागच्या भिंतीशी लाकडी स्टँडवर ती गाडी, जुनी मोटरसायकल. साडेतीनशे सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन, सूतमामाच्या जन्माआधीचं. नुसता सांगाडा भंगारात मिळाला होता. पेट्रोलची टाकी एका कोंबडीवाल्याकडं सापडली, तो तिच्यात दाणे ठेवायचा. बाकीचं जिथून मिळेल तिथून गोळा केलं आणि मिळालं नाही ते लेथवर घडवलं. आठ वर्षं गेली. जुन्या गाड्यांची शर्यत वर्षातून एकदा व्हायची, बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर. तिथं ही गाडी पळवायची आणि पळवणार कोण, तर लेक. लेक पोस्टाची गाडी चालवायची, चोवीस वर्षांची, वजनाला पिसासारखी, आणि वळणावर गाडी अशी झोपवायची की बघणाऱ्याचा जीव वर यावा. तिच्याएवढं चांगलं त्या धावपट्टीवर कुणी पळवत नव्हतं. ती आपल्या गाडीवर बसणार, हे बाप आठ वर्षं धरूनच चालला होता. विचारायचं काय त्यात?

आणि साडूनं दोन वर्षांत गाडी उभी केली, वर लेकीला विचारलंही, पळवशील का.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, काटेवाला. त्याच्याशी सूतमामाचं वाकडं होतं असं म्हणता येणार नाही, कारण वाकडं व्हायला समोरच्यानंही थोडं वाकावं लागतं. काटेवाला वाकायचाच नाही. शांत माणूस. शर्टाला कधी डाग नाही. सासरी दोघं एकत्र बसले की सासू आधी त्याला वाढायची, थोरला जावई म्हणून, आणि तो म्हणायचा, "आधी साडूभाऊंना वाढा." सूतमामाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बरं, रागवायचं तरी कशावर?

त्यात बायको. तीस वर्षं भिंतीपलीकडून इंजिनं ऐकून तिचा कान तयार झाला होता. चुलीपाशी उभी राहून सांगायची, कुणाचा व्हॉल्व्ह वाजतोय ते. ती एकदा सहज म्हणाली, "दाजींची गाडी बरी वाजते हं." त्या दिवशी सूतमामा जेवला नाही. पोटात गॅस झाला म्हणाला. कसला गॅस झाला होता ते बायकोला कळलं होतं.

सोमवारी तो साडूच्या दुकानात गेला. निमित्त काढलं की बायकोनं बरणी परत करायला सांगितलीय. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, पण काय ती टापटीप! पितळी वजनं उतरत्या भाजणीनं लावलेली, सगळ्यात बारकी मखमलीच्या पेटीत. आणि टेबलावर, काचेच्या पेटीतल्या काट्यावर, पारड्यात एक पिस्टन ठेवलेला.

"या, साडूभाऊ. बसा. जुना पिस्टन आहे, पुन्हा मोजत होतो."

"पिस्टन मोजतोस? मीठ-मसाला मोजल्यासारखा?"

काटेवाला हसला. त्यानं काही लपवलं नाही. पिस्टन, रिंगा, पिन, रॉडचं वरचं टोक, सगळं एक-एक तोलून वहीत लिहिलेलं होतं. मग दोन पोलादी पट्ट्या दाखवल्या, वर धार काढलेल्या, सुरीसारख्या. त्यांवर इंजिनाची जड चाकं ठेवायची, फ्लायव्हील. रॉडला ठरलेलं वजन लटकवायचं आणि सोडून द्यायचं. जी बाजू जड ती खाली येणार. "पिस्टन वर-खाली नाचतो ना, त्याचा हिसका मारायला चाकाच्या समोरच्या बाजूला जास्तीचं लोखंड ठेवलेलं असतं. दोघांचं जमलं की झालं. माझं आपलं रोजचंच काम आहे हे."

सूतमामानं चहा अर्धाच प्यायला आणि उठला. वाटेत त्याच्या डोक्यात दुसरं काही येईना. यानं वही तरी झाकायची होती! चोरून बघितलं असतं तर निदान चोरल्यासारखं तरी वाटलं असतं. यानं सगळं उघडं करून ठेवलं, वर चहा पाजला.

आणि आपण काय केलं ते त्याला आता स्वच्छ दिसत होतं. त्यानं पिस्टन आतून कोरला होता. पिन पोकळ केली होती. रॉड दोन्ही बाजूंनी घासून आरशासारखा केला होता. सूतभर, सूतभर करत सगळं हलकं केलं, कारण हलकं ते पळतं. चाकं मात्र होती तशीच ठेवली. नाचणारा हलका झाला आणि त्याला धरून ठेवणारा जडच राहिला, मग हादरणार नाही तर काय? एखाद्या शिकाऊ पोरानं असं केलं असतं तर सूतमामानं त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

पण साडूकडं जाऊन म्हणायचं, माझं जरा मोजून दे? जीभ झडली तरी चालेल.

मंगळवारी त्यानं इंजिन उतरवलं. बुधवारी चाकं दोन पान्यांवर ठेवून स्वतःच तोलायचा प्रयत्न केला. पाने सपाट कुठले असायला! चाकं कधी इकडं गडगडली, कधी तिकडं, आणि एकदा त्याच्या पायावर. लेक संध्याकाळी डोकावली, "काय चाललंय?" तर म्हणाला, "बेअरिंग बघतोय." ती म्हणाली, "काकांनी परत फोन केला होता. म्हणाले, बाबांचा विचार घे, घाई नको." म्हणजे यातही तोच मोठा!

गुरुवारी सकाळी सूतमामानं दोन्ही चाकं रॉडसकट, पिस्टन, पिन, रिंगा, सगळं जाड कापडी पिशवीत भरलं. पिशवी दाराशी ठेवली. बायकोला काही बोलला नाही. फक्त मोठ्यानं म्हणाला, "आज ताईकडं जाणार होतीस ना?"

"नव्हते जाणार."

"मला वाटलं जाणार होतीस." आणि अंघोळीला गेला.

बाहेर आला तेव्हा पिशवी नव्हती, बायको नव्हती आणि स्कूटरही नव्हती.

ती दुपारी परत आली. पिशवी दुकानात आदळून म्हणाली, "पट्टा तुटला रस्त्यात. ताईनं विचारलं, काय आणलंस एवढं जड? म्हटलं, आमच्या ह्यांची अक्कल."

"तो काय म्हणाला?"

"दाजी? काही नाही. दार लावून घेतलं, अर्ध्या तासानं पिशवी हातात दिली."

"हसला असेल."

"नाही हसले."

"मनात हसला असेल."

"मनातलं मला काय ठाऊक? तुमच्या मनातलं कळतंय तेच पुष्कळ झालं."

त्यानं चाकं बाहेर काढली. प्रत्येकावर खडूनं एकेक बारीक गोल काढलेला होता, रॉड बसतो त्या पिनीच्या बरोबर समोर, कडेच्या आत. बाजूला आकडा, २६. दुसऱ्यावरही तेच. ना चिठ्ठी, ना निरोप. अक्षर मात्र असं सुबक, छापल्यासारखं. सूतमामाला त्या दोनाचा आणि सहाचासुद्धा हेवा वाटला.

त्यानं तेलाच्या फडक्यानं खडू खसाखसा पुसून टाकला. दोन्ही चाकांवरचा. मग स्टुलावर बसला. पण तीस वर्षं मापं घेतलेला डोळा तो, एकदा बघितलेली खूण जाते कुठं? पुसलेल्या जागी ती आणखीच ठळक दिसायला लागली. तासभर त्यानं इकडचं तिकडं केलं, मशीन पुसलं, कीस झाडला. शेवटी चाक ड्रिलखाली धरलं, बारा मिलीचा ड्रिल लावला आणि जिथं गोल होता तिथंच, केसाचाही फरक न करता, टोक टेकवलं. भोकातून निघालेला कीस एका वाटीत जमवला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. सव्वीस ग्रॅमला दोन कमी होते. परत भोक थोडं खोल केलं. सव्वीस. दुसऱ्या चाकाचंही सव्वीस. तो काटा कुणी लावून दिला होता हे बायकोला विचारायची सोय नव्हती.

शुक्रवार इंजिन जोडण्यात गेला. शनिवारी सकाळी धावपट्टीवर लेकीनं आठ फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीपासूनच सूतमामाला आवाज कळला. पूर्वी वरच्या वेगात गाडी रडायची, आता ती गळा मोकळा करून ओरडत होती. लेक थांबली. हातमोजे काढले, बोटं उघडमीट करून बघितली. अर्जाचा कागद टाकीवर ठेवला आणि खाली वाकून सांगाड्याचा नंबर उतरवायला लागली.

"काय केलंत हो?"

"इंजिनाचं म्हणणं ऐकून घेतलं."

"काकांना विचारलंत?"

"त्याला काय विचारायचंय!"

बायको डबा घेऊन शेजारी उभी होती. तिनं डब्याचं झाकण उघडलं, आणि परत लावलं.

पुढच्या आठवड्यात शर्यतीत लेक दुसरी आली. पहिला आला तो पाचशेच्या ताकदीचं काहीतरी घेऊन आला होता, असं सगळेच म्हणाले. माणसं गाडीभोवती जमली. एका म्हाताऱ्या शर्यतवाल्यानं चालू इंजिनाच्या टाकीवर पाण्याचा पेला ठेवला, आणि पाणी जेमतेमच थरथरलं. "एका सिलिंडरला हे कसं जमवलंत?" त्यानं विचारलं.

"हाताचं काम आहे," सूतमामा म्हणाला.

काटेवाला तिथंच होता. त्याची स्वतःची गाडी घरीच राहिली होती, तिला पळवणार कोण? तो लेकीच्या फेऱ्यांची वेळ धरायला आला होता. गळ्यात स्टॉपवॉच, शर्ट पांढरा स्वच्छ. हे उत्तर त्यानं ऐकलं. सूतमामानं त्याच्याकडं टक लावून बघितलं. एक भुवई वर जाऊ दे. ओठ सूतभर हलू दे. काही नाही. तो पुढं आला, हात हातात घेतला आणि म्हणाला, "साडूभाऊ, झकास वाजते," आणि वेळांचा कागद लेकीला द्यायला गेला.

घरी आल्यावर सूतमामाला जेवण जाईना.

"आता काय झालं? तुमच्याच गाडीवर बसली ना पोर?"

"तो बोलत का नाही?"

"काय बोलायचं त्यांनी?"

"सांगावं की लोकांना! भोकं कुठं पाडायची ते मी दाखवलं म्हणून. चारचौघांत सांगावं. मग मीही बघतो त्याच्याकडं. हे काय, मुकाट्यानं हात हातात घ्यायचा! आता जन्मभर माझ्याकडं बघेल तेव्हा मला ते दोन गोल दिसणार."

"मग तुम्हीच सांगा की पोरीला."

सूतमामानं ताटातला घास तसाच ठेवला. लेक आतल्या खोलीत बूट पुसत गुणगुणत होती. तो दारापर्यंत गेला, चौकटीवरून बोट फिरवलं, एक खवला निघत होता तो नखानं काढला, आणि परत येऊन बसला.

"उद्या बघू," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा लेक कामावर निघून गेली होती. दाराशी छापखान्यातला माणूस उभा होता, खांद्यावर रोलर, रोलरचा दांडा एका टोकाला खाल्लेला. काल म्हणे मशीन दिवसभर बंद होतं. "दुपारपर्यंत होईल का हो? शाळांची पुस्तकं अडलीत."

"ठेव तिकडं."

सूतमामानं रोलर उचलला, जड होता, गुडघ्यावर टेकवून चकात चढवला. जबडे आवळले. मापाची डायल लावली, चक हातानं हळूहळू फिरवला, काटा बघितला, हातोडीची एक हलकी टपली दिली, पुन्हा बघितला. मग चष्मा पुसला, हत्यार पुढं घेतलं आणि मशीनचा खटका दाबला.