हळद लावलेला अंगठा

ओल्या हळदीचा वास आला की मला आमच्या सेवा केंद्रात आलेली हट्टा गावची आजी आठवते. हयातीच्या दाखल्यासाठी तिनं मशीनवर पुन्हा पुन्हा अंगठा दाबला, पण ठसा येईना. "काम करू करू तुमच्या रेघाच झिजल्या, आजी," मी वैतागून म्हणालो. ती गेल्यावर कळलं, ब्राउझरची सुरक्षा कडक झाल्यामुळं मशीनचं सॉफ्टवेअरच अडलं होतं. सेटिंगमध्ये परवानगी देताच ते चाललं. दुसऱ्या दिवशी आजी आली ती विटेनं घासून लाल केलेल्या अंगठ्याला हळद लावून. पदरानं पुसून तिनं तो मशीनवर ठेवला, अन् ठसा लगेच आला. "घासल्यावर आला बघ, लेकरा. तू बराबर सांगितलं व्हतं." मी दाखला छापून तिच्या हातात ठेवला. परवा तिच्याच गावची एक बाई तसाच पिवळा अंगठा घेऊन आली. घासायला आजीनंच सांगितलं होतं.