बापूजी वैद्यांचं तांबं

आरमोरीच्या बापूजी वैद्यांच्या पायाला भिंगरी होती. रोग्याची नाडीसुद्धा ते उभ्याउभ्याच बघायचे. त्यात १९५४च्या होळीला त्यांच्या विधवा बहिणीच्या, रुखमाच्या, गालात आतून बोराएवढी गाठ आली आणि हा माणूस पुरता अस्वस्थ झाला.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "कॅन्सर आहे. महिन्याभरात रेडियमच्या सुया लावू. उशीर करू नका."

सुया म्हणताच रुखमा भेदरली. "मी नाई जात. माहा भाऊ वैद्य कायले झाला मंग?"

बापूजींना हे ऐकून बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणाले, "रेडियम बी धातूच, तांबं बी धातूच. तुह्यासाठी भस्म करतो."

तांब्याचे बारीक तुकडे गंधक नि लिंबाच्या रसात खलायचे, मातीच्या दोन परळांत बंद करायचे, खड्ड्यात गोवऱ्या रचून भाजायचे आणि खड्डा आपोआप निवेपर्यंत थांबायचं. मग चिमूटभर भस्म दह्यात टाकायचं. दही हिरवं झालं तर तांबं कच्चं, म्हणजे विषच. तरुणपणी असंच कच्चं भस्म देऊन बापूजींनी एका रोग्याला मरणाच्या दारात नेलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बापूजी तर नुसते फुंकतच राहिले.

सातव्यांदा भाजलं, दही हिरवं. बाराव्यांदाही हिरवं. होणार कसं नाही? थांबणं या बाबाच्या रक्तातच नव्हतं! आच धुमसत असतानाच काठीनं खड्डा उकरायचे.

"अवो, निवू तं द्या!" बायको गुणाबाई ओरडायची.

"तिची गाठ थांबून राह्यली का माह्यासाठी?"

शेवटी दिवाळीनंतर गुणाबाईनं काठी लपवली आणि दोन दिवस खड्ड्याजवळून हललीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दही पांढरंशुभ्र राहिलं. बापूजी लहान पोरासारखे नाचले. मधात भस्म कालवून बहिणीपुढे आले.

"रुखमे, तोंड उघड."

तिनं उघडलं. दातांमध्ये जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी फट पडली. त्यातून बोटही जाईना. बापूजींनी पदर बाजूला करून गाल पाहिला. गाठीनं जबडाच आवळला होता. महिनोन्महिने ते भस्म बघत होते, बहिणीला बघितलंच नव्हतं.

"कवापासून?"

"पोळ्यापासून," ती दातांतूनच बोलली. "निस्ती पेज पेतो."

"सांगतलं काऊन नाई मले?"

"सांगतलं असतं तं तू पुन्हा खड्डा उकरला असता, भाऊ."

बापूजी हंबरडा फोडून रडले. मग तसेच डोळे पुशीत नागपूरच्या रेल्वेसाठी वडसा स्टेशन गाठायला बैलगाडी जुंपायला धावले. डॉक्टरांनी दिलेला तो एक महिना सरून सात महिने झाले होते.