दहा म्हशींची पदवी

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात रुपया हे चलन मनापासून न मानणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. रुपये त्यांच्या खिशात असतात, पण डोक्यात म्हैस असते. दुसऱ्या वेताची, धडधाकट, दोन्ही वेळा चरवी भरून दूध देणारी म्हैस हे त्यांचं नाणं. रेडकू म्हणजे चिल्लर. मी हौसेने नवी स्कूटर घेऊन त्यांच्या दारात गेलो, तेव्हा त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर थाप मारली आणि म्हणाले, "एक म्हैस गेली की पावणं. आन् ही तर नुसती खात्या." आमच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आले, तेव्हा चार लोकांदेखत ‘चाळीस म्हशी, आन् एक बांधायला जागा न्हाय’ असा शेरा मारून निवांत श्रीखंड खायला बसले. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या ते कमानीकडे बोट करून "ह्या नुसत्या फुलांत दोन म्हशी उभ्या हायत" असं इतक्या खणखणीत आवाजात सांगतात, की वधूपिता दुसऱ्या टोकाला दचकतो. त्यांची बायको म्हणजे माझी मेहुणी. ती अशा वेळी दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखी पुढे चालू लागते.

त्यांचा दुसरा गुण याहून अवघड आहे. म्हैस घ्यायची तर विकणाऱ्याच्या गोठ्यात न सांगता जायचं आणि लागोपाठ तीन धारा डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिथून हलायचं नाही, हा त्यांचा नियम. विकणारा आदली धार चुकवून कास तुंबवून ठेवतो, म्हणून पहिली धार खोटी, दुसरी संशयाची आणि तिसरी खरी. जनावरांपुरता हा नियम उत्तमच आहे. पण पुतणीसाठी गारगोटीचं एक स्थळ आलं, तेव्हा हे गृहस्थ ‘जाता जाता पाणी पिऊन येतो’ म्हणून त्या घरी शिरले आणि तीन जेवणं होईपर्यंत उठलेच नाहीत. दुसऱ्या जेवणानंतर त्या बिचाऱ्यांना वाटलं, पाहुण्यांना मुलगा पसंत आहे. त्यांनी पेढे आणले. यांनी पुडा हळूच बाजूला सरकवला आणि म्हणाले, "रातचं जेवाण हुंदे की." पुढे ते लग्न झालं, संसारही छान चाललाय, त्यामुळे आता त्यांना कुणी काही बोलूच शकत नाही.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीला, ऋतुजाला, पुण्याच्या एका कॉलेजात एमबीएला प्रवेश मिळाला. ऋतुजा बी.कॉम. झालेली, शिरोलीच्या एका कारखान्यात हिशेब बघणारी, वडिलांइतकीच हट्टी मुलगी. तिने फी, हॉस्टेल, खाणंपिणं सगळं धरून दोन वर्षांच्या खर्चाचा आकडा सांगितला. आमच्या साडूंनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि डोळे उघडून म्हणाले, "धा म्हशी." त्यांच्या दावणीला तेव्हा अकरा म्हशी होत्या. पहिला हप्ता भरायला पंधरा दिवस उरले होते आणि तेवढ्यात त्यांना ठरवायचं होतं, की पोरीला पाठवायचं की नाही. कुठलाही शहाणा बाप चार जाणत्यांना विचारतो. हे म्हणाले, "धारा बघूया." आणि इंग्रजी कळणारा माणूस लागतो म्हणून, विमा कार्यालयातून मी हक्काची रजा काढलेली असताना, त्यांनी मला पहाटेच्या एसटीत कोंबलं.

कॉलेजच्या दारातच भला मोठा फलक होता. त्यावर कोट घातलेला एक हसरा मुलगा आणि त्याला मिळालेला पगार. साडूंनी तो आकडा माझ्याकडून वाचून घेतला. "वीस म्हशी वर्षाला," ते पुटपुटले आणि आत जाऊन प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाईंसमोर बसले. बाई तरुण होत्या, गोड बोलत होत्या. साडू म्हणाले, "बाई, फलकावरचा सोडा. बाजारात समदी आपली चांगलीच म्हैस फुडं बांधत्यात. दावणीच्या मधली कुठली ती दावा." बाईंना आधी काही कळेना. मी भाषांतर केल्यावर मात्र त्या खळखळून हसल्या आणि मधल्या विद्यार्थ्याला काय मिळतं ते त्यांनी न लपवता सांगितलं. ते वर्षाला साडेपाच म्हशी निघालं. शिरोलीत ऋतुजाला दोन म्हशी मिळत होत्या. साडू पुन्हा डोळे मिटणार, तोच बाई म्हणाल्या, "काका, तुमची एक म्हैस किती वर्षं दूध देते?" "चांगली असली तर धा-बारा." "मुलगी तीस वर्षं नोकरी करेल." साडू गप्प झाले. इतकी वर्षं ओळखतो, पण हे दृश्य मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि रजा वाया गेल्याचं दुःख तिथल्या तिथे विसरलो.

पण ही झाली पहिली धार. अजून दोन बाकी होत्या. म्हणून आम्ही संध्याकाळपर्यंत फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि जुने विद्यार्थी कुणी दिसले की साडू "ओ पावणं, जरा इकडं या की," अशी हाक मारून त्यांना विचारू लागले, "हातात किती पडत्यात?" एक मुलगा इतका घाबरला की त्याने मलाच बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही आयकरवाले का?" दुसऱ्याने मोकळेपणाने सांगितलं की अर्धा पगार कर्जाच्या हप्त्यात आणि खोलीच्या भाड्यात जातो. तिसरी एक मुलगी होती जयसिंगपूरची. तिने पगार सांगितलाच नाही. ती म्हणाली, "काका, गेल्या महिन्यात आईला विमानानं दिल्ली दाखवली. आई खिडकीला नाक लावून बसलीवती." साडूंनी तिच्याही चहाचे पैसे दिले.

त्यानंतर रोज संध्याकाळी हिशोब होऊ लागला. ही वेळ त्यांची दूध कट्ट्यावरची. गल्लीच्या तोंडाशी म्हशी आणून उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ग्लासात फेसाळती धार काढून द्यायची. ऋतुजा कामावरून आली की तिथेच पैसे घ्यायला बसायची. साडू धार काढता काढता खर्च वाढवायचे. नोकरी सोडणार म्हणजे दोन वर्षं भाकड, त्या चार म्हशी झाल्या. "आबा, मला भाकड म्हणताय?" असं ऋतुजा ओरडली, तेव्हा गिऱ्हाइकाच्या नाकात दूध गेलं. मग गादी आली, पंखा आला, सणावाराचं भाडं आलं. पुण्यात पोरीला दूध विकत घ्यावं लागणार, हे आठवल्यावर तर त्यांचा चेहरा पार उतरला. ऋतुजाही मागे हटणारी नव्हती. तिने शिक्षणकर्जाची माहिती काढली, पुण्याचं भाडं वजा केलं आणि म्हशींच्याच भाषेत सात वर्षांत सगळं फिटतंय हे दाखवून दिलं. साडू म्हणाले, "न्हाय बसत." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा मांडलं. त्यांनी पुण्याच्या पाण्याने केस गळतील म्हणून तेलाचा खर्च काढला.

हप्त्याला दोनच दिवस राहिले, तेव्हा ती उठून उभी राहिली. मी रोजच्यासारखा दुधाच्या ग्लासासाठी तिथेच होतो. ती शांतपणे म्हणाली, "आबा, जाऊ नको म्हणा, मी न्हाय जात. खरंच न्हाय जात. पर म्हशींच्या आड लपू नगा." आणि घराकडे निघून गेली.

साडूंनी हातातली धार पुरी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिशोब पयल्या दिवशीच बसलता, पावणं. म्या बसू दिला न्हाय." ग्लास विसळत म्हणाले, "एकदा गेली की ती परत कशाला येत्या हितं? तिकडंच नोकरी, तिकडंच घर. ह्याच्या किती म्हशी धरू, सांगा की." मी आयुष्यभर लोकांच्या नुकसानीच्या रकमा ठरवत आलोय, पण असल्या नुकसानीचा रकाना आमच्या फॉर्मात नाही. मला त्या क्षणी तो माणूस इतका आवडला की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन म्हशी विकल्या, उरलेल्या रकमेचं कर्ज घेतलं आणि ऋतुजा पुण्याला गेली. आता कट्ट्यावर पैसे घ्यायला माझी मेहुणी बसते. ऋतुजाचा तास सुटतो तो नेमका धारांच्या वेळेला, आणि तेव्हाच तिचा फोन येतो. म्हशीने एकदा पान्हा सोडला की धार मध्येच थांबवायची नसते. थांबवली तर ती दूध वर ओढून घेते आणि मग काही केल्या देत नाही. साडूंना हे जन्मापासून माहीत आहे. तरी फोन वाजला की ते ग्लास अर्धा भरलेला असताना उठतात, टॉवेलला हात पुसतात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. गिऱ्हाइकं कुरकुरतात. "थांबा की जरा, पोरगी बोलत्या," असं मागे न बघताच त्यांना उत्तर मिळतं. पलीकडून ती पोर काय काय सांगत असते आणि हे नुसतं "व्हय... व्हय... जेवलीस न्हवं?" एवढंच म्हणत ऐकत राहतात. मग येऊन पुन्हा म्हशीखाली बसतात. सडाला हात लावून बघतात, थेंबही येत नाही. तिच्या पाठीवर हलकी थाप मारून तो अर्धा ग्लास ते माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "आज एवढंच, पावणं."