ओळखा पाहू, ही मासळी कुठली

माझ्या शनिवारच्या सदरामुळं एका बाईची खानावळ बंद पडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी खाण्यापिण्याच्या गोष्टी काढल्या की कुणाच्या तोंडाला पाणी सुटायला नको. माझ्या आता सुटत नाही.

सदर म्हणजे काय, तर रत्नागिरीतल्या एका लहानशा साप्ताहिकातलं पाऊण पान. मारुती मंदिराकडे कुठलं नवीन हॉटेल उघडलं, कुणाचा आचारी कुणी पळवला, कुणाची सोलकढी नुसती लाल आणि कुणाची खरी आमसुलाची, भाट्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना कोण किती शिळं घालतं, असला सगळा मसाला. मी नोकरीतून निवृत्त झालो, त्याच्या पुढच्या वर्षी बायको गेली. दुपारी एकट्यानं ताट घेऊन बसायचं म्हणजे घास उतरत नसे. म्हणून बाहेर जेवायला लागलो, आणि जेवलेलं लिहायला लागलो. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, "काय हो, या शनिवारी कुणाची पाळी?" मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

सदराच्या तळाला एक चौकट असे. 'ओळखा पाहू'. कधी एखाद्या हॉटेलातल्या फुटक्या बेसिनचा फोटो, कधी नुसत्या रश्श्याच्या वाटीचा, कधी चार ओळींत खाणाखुणा. वाचकांनी जागा ओळखून कळवायची. आमची रत्नागिरीची माणसं एरवी एखाद्याचं बरं बोलायला तोंड उघडणार नाहीत, पण चौकशा आणि तर्क करायला सांगा, आंघोळ सोडून येतील. चिठ्ठ्या यायच्या, व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं यायची, टोमणे यायचे. "एवढं सोपं? आमच्या कुत्र्यानंसुद्धा ओळखलं." बरोबर उत्तरांच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकून संपादक एक उचलायचे. ज्याची निघेल त्याला त्याच ठिकाणी दोघांचं जेवण. पुढच्या शनिवारी उत्तर नावपत्त्यासकट छापायचं. हॉटेलवाले खूश, वाचक खूश, मी तर काय, हवेतच.

आता त्या खानावळीचं सांगतो.

बंदराकडे उतरताना डाव्या हाताला पत्र्याची एक लांबट खोली होती. चार बाकडी, पाटी नाही. चालवणारी बाई पन्नाशीची. नवरा बोटीवर खलाशी होता, तो आजारपणात गेला. मूलबाळ नाही, होडी नाही, जमीन नाही. ती खोली आणि दोन मोठी पातेली, एवढ्यावर बाई उभी होती. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भावजी.

तिच्याकडे मासळी यायची ती विकत घेतलेली नव्हे. आमच्याकडे बोट धक्क्याला लागली की मासळीचा लिलाव होतो, पण त्याआधी प्रत्येक खलाशाला कालवणापुरती मासळी बाजूला काढून देतात. चार बांगडे, दोन लेपे, मूठभर ढोमे, जे काय असेल ते. ती त्याच्या घरच्या चुलीसाठी. पण पुष्कळ खलाशी नाटे, दाभोळ अशा लांबच्या गावांचे. त्यांची चूल त्यांच्या गावात. ते इथं बोटीवरच राहायचे, नाहीतर भाड्याच्या खोलीत पाच-सहा जण. मग ते आपली पिशवी वहिनीच्या हातात द्यायचे आणि हातपाय धुऊन बाकड्यावर बसायचे. ती त्यांना पोटभर जेवू घालायची, आणि उरलेल्या मासळीवर बाहेरच्या गिऱ्हाइकांचं जेवण निघायचं. मासळीच्या बदली जेवण, जेवणाच्या बदली मासळी. कुणी कुणाकडे हिशेब मागत नव्हतं.

कालवणाला दिलेली मासळी विकायची नाही, असा बोटमालकांचा शिरस्ता आहे. पण वहिनीचं सगळ्या मालकांना ठाऊक होतं. ती त्यांच्याच धंद्यातल्या माणसाची बायको, त्यामुळं ते तिकडे बघायचे नाहीत. ती कुणाला सांगायची नाही, ते कुणाला विचारायचे नाहीत. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं, आणि चाललं होतं ते केवळ कुणी बोलत नव्हतं म्हणून.

एक म्हातारा तांडेल होता, म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा म्होरक्या, नाटे गावचा. वहिनीचा नवरा त्याच्याच हाताखाली असायचा. नवऱ्याच्या तेराव्यानंतर पहिली पिशवी त्यानंच आणून दिली आणि म्हणाला, "रांध, आमी जेवतो." खानावळ सुरू झाली ती अशी. हे मला त्यानंच बाकड्यावर शेजारी बसून सांगितलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं असेल? काय सदर होईल!

वहिनीनं ओळखलं. ताटात भात वाढताना म्हणाली, "भावजी, माजा काय पेपरात घालू नका हां."

"छे छे," मी म्हटलं, "नाव नाही घालणार."

आणि नाव नाहीच घातलं. काय माझं शहाणपण! मी 'ओळखा पाहू' घातलं. चार ओळी लिहिल्या, आणि लिहून झाल्यावर स्वतःच दोनदा मोठ्यानं वाचल्या. पाटी नाही, पण वास वाट दाखवतो. इथल्या मासळीनं लिलावाची बोली कधी ऐकली नाही, ती बोटीवरून हातातल्या पिशवीतून थेट पातेल्यात उतरते. म्हणूनच ही चव गावात दुसरीकडे नाही, बर्फातल्या मासळीला ती येणंच शक्य नाही, जिभेला लगेच फरक कळतो. ओळखा पाहू.

इतकी उत्तरं त्याआधी कधी आली नव्हती. वाचक चेकाळलेच. कुणीतरी लिहिलं, "मासळी मालकाची, चव मावशीची!" ते मला इतकं आवडलं की पुढच्या शनिवारी उत्तराच्या शेजारी ठळक छापायला लावलं. उत्तर छापायचंच होतं, स्पर्धेचा नियम होता. खोली कुठं, कशी जायची, सगळं. संपादकांनी एकदा विचारलं, "बाईंना चालेल ना?" मी म्हटलं, "अहो, गिऱ्हाईक वाढेल, नको कशाला म्हणेल?" दिलेला शब्द मी सात दिवसांत गिळला, आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नाही.

गिऱ्हाईक वाढलं. गाड्या घेऊन माणसं आली, पातेल्यांचे फोटो काढून गेली. खलाशी भिंतीला टेकून उभे राहिले, त्यांना बसायला बाकडं मिळेना. मी त्या गर्दीत मिरवून आलो. वहिनी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, कामात आहे.

नंतर कळलं ते असं. एका बोटमालकाची कुठल्याशा साखरपुड्यात लोकांनी चेष्टा केली. "तुमच्या बोटीची मासळी पेपरात गाजतेय म्हणे! आम्हालाही द्या की एक पिशवी." दहा माणसांसमोर हसले त्याला. त्या आठवड्यापासून धक्क्यावर त्याचा माणूस उभा राहायला लागला. कालवणाची मासळी बोटीवरच शिजवायची आणि बोटीवरच खायची, पिशवी घेऊन कुणी खाली उतरायचं नाही. एकानं केलं म्हटल्यावर बाकीच्यांनीही केलं. कुणाला आपलं हसं करून घ्यायचं होतं? म्हातारा तांडेल त्या माणसाशी भांडला. पिशवी सोडेना. त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तो ट्रंक घेऊन नाट्याला गेला, तो गेलाच. माझ्याकडे निरोपसुद्धा नाही. मी त्याचा कोण लागत होतो?

मी त्या मालकाकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. चहा मागवला त्यानं. मी जोरात म्हटलं, "एका विधवा बाईच्या पोटावर पाय देताय तुम्ही!"

तो बशीत चहा ओतत होता, तो थांबला. म्हणाला, "इतकी वर्षं मी तिकडं बघितलं नाही. मला बघायला कुणी लावलं? तुम्ही. आता बघितल्यावर काय करू? उद्या प्रत्येक खलाशी पिशवी भरून बाजारात बसेल. त्यांना काय सांगू, पेपरवाल्यांची परवानगी आहे म्हणून?"

माझा चहा तसाच राहिला. वाटेत मला त्याचा राग यायला हवा होता, तसा आलाही थोडा, पण टिकला नाही. तो बोलला त्यात खोट काढायला मला जागाच सापडेना.

पुढच्या शनिवारी खुलासा लिहावा असं मनात होतं. लिहायला बसलो आणि कागद फाडला. लिहिणार काय? अशी मासळी तिथं येत नव्हती म्हणून? आणखी एकदा बोंब मारण्यासारखंच झालं असतं. त्या आठवड्यात मी एका आइस्क्रीमच्या दुकानाबद्दल लिहिलं.

इकडे डब्यातून चिठ्ठी निघाली होती. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई जिंकल्या होत्या. त्यांचा फोन आला, "यजमानांना घेऊन येते, बुधवारी चालेल ना? गुरुवारी आम्हाला मासे चालत नाहीत." मी आढेवेढे घेतले. म्हटलं, दुसरीकडे नेतो, एसीत बसू. त्या हिरमुसल्या. शेवटी काय करावं ते विचारायला मी वहिनीकडे गेलो. चूल पेटलेली होती, बाकडी रिकामी होती. जेवणाचे पैसे मी भरतो म्हणालो.

"पैशाचा नाव काडू नका," ती म्हणाली. "माज्या दारातला जेवान तुमी बोललाव ना? मग आना त्यास्नी."

आणखी काही बोलली असती, शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. ती तांदूळ निवडत राहिली.

बुधवारी बाई आणि त्यांचे यजमान आले. वहिनीनं बाकड्यावर कागद अंथरला, तांदळाच्या भाकऱ्या गरम गरम वाढल्या, बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, तळलेला लेपा, सोलकढी. बाई घासागणिक "अहाहा" करत होत्या. फोटो काढले. जाताना वहिनीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अशीच चव राखा हो!" वहिनी हसली. "व्हय," म्हणाली.

ते गेल्यावर मीही उठलो. "बसा," ती म्हणाली. "तुमी कुटं जेवलाव?"

माझं ताट वाढलं. मी मान खाली घालून जेवायला लागलो. पण कालवण असं उतरलं होतं की दुसरी भाकरी मागितली, तिसरी मागितली. लाज एकीकडे आणि जीभ एकीकडे, माझं आयुष्यभर हेच झालं. वहिनी समोरच्या बाकड्यावर बसली होती. एवढ्या वर्षांत ती गिऱ्हाइकासमोर कधी बसलेली मी बघितली नव्हती.

"भावजी," ती म्हणाली, "वळखा बगू. ही मासळी खयची?"

मी तिच्याकडे बघितलं. माझ्या मनात एकदम आशा उभी राहिली. कुणीतरी खलाशी अजून चोरून आणून देतोय, सगळं काही संपलेलं नाही. त्या आशेनं मी जवळजवळ ओरडलोच, "बोटीवरची! आजची! मला कळत नाही होय? पहिल्याच घासाला ओळखली."

 तिनं उठून कोपऱ्यातली थर्माकोलची पेटी पायानं पुढं सरकवली. तळाला पाणी झालेला बर्फ होता.

"ट्रकातली हाय," ती म्हणाली. "खयल्या गावची ती मलापन ठाव नाय. धा दिवस झालं, हीच घालतंय. परवडत नाय, शिमग्याला बंद करनार."

मी हातातला घास खाली ठेवला.

"जिबंला फरक कळतो म्हनून लिवला व्हताव ना तुमी?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "तुमाला तर कायच कळला नाय. मग कशापायी लिवलाव?"

 तिनं माझ्यासमोरचं ताट उचललं आणि ती मोरीकडे गेली.