लागोपाठचे रोल नंबर

माझी शेवटची पोस्टिंग उत्तर सीमेवरच्या एका बर्फाळ पोस्टवर होती. मी सिग्नलचा हवालदार, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातला. माझा दुसरा ऑपरेटर लान्सनायक मनहरण, अभनपूरजवळच्या एका गावचा. दोघांचंही नोकरीचं शेवटचं वर्ष. आमची घरं एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर, पण भेट झाली ती तिथे, बर्फात.

दिवस ठरलेला असे. पाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन मोर्चावर, सहाला पहिला रेडिओ चेक, मग दर तासाला एक. मधल्या वेळात आम्ही अभ्यास करायचो. छत्तीसगड नुकतंच वेगळं राज्य झालं होतं. रायपुरात नवीन दफ्तरं उघडत होती, क्लार्कची भरती निघाली होती आणि माजी सैनिकांसाठी जागा राखीव होत्या. आईने पत्रात लिहिलं होतं, "बाहेरचे पोट्टे इथं नोकरीले येऊन राहिले. तू काहून नाही?"

आमची परीक्षेची गाईड जुनी होती. तिच्यात राजधानी अजून भोपाळच होती. मनहरणने ते पेनने खोडून वर 'रायपूर' लिहिलं, आणि रोज मला तोच प्रश्न पहिला विचारायचा. टायपिंगसाठी त्याने रेशनच्या पेटीच्या झाकणावर खडूने हिंदी कीबोर्ड काढला होता. हातमोजे काढून तो त्यावर बोटं चालवायचा. बोटं गारठली की काखेत धरायची, पुन्हा सुरू.

"दादा, नोकरी लागली तं रोज घरी जेवाले मिळन," तो म्हणायचा. मराठी त्याने माझ्याकडूनच उचलली होती.

दोघांचे अर्ज तयार झाले. कमांडिंग ऑफिसरचं ना-हरकत पत्र जोडलं. डाक खालच्या बेसपर्यंत जाणाऱ्या लिंक पेट्रोलबरोबर जायची. सहा जणांचं पेट्रोल होतं, एक ऑपरेटर लागणार होता.

"मी जातो," मी म्हणालो.

"तुम्ही सेट सांभाळा, दादा. मले जाऊ द्या. बेसवर टेलिफोन आहे, घरी बोलून घेईन."

मी जाऊ दिलं.

पेट्रोल ०८१५ ला निघालं. ०९०० ला संपर्क झाला, १००० ला झाला. ११०० ला मनहरणचाच आवाज आला.

"नाला पार कर रहे हैं. सब ठीक. ओवर."

"रोजर. अगला चेक बारा बजे. ओवर."

"हव, दादा. आउट."

रेडिओवर 'रोजर' म्हणायचं, 'हव, दादा' म्हणायचं नसतं. आल्यावर रागवायचं, असं मी ठरवलं.

११२० ला वरून एक जड आवाज आला. मी सेटवर बोलावलं. उत्तर नाही. सात वेळा बोलावलं. ११४० ला आमच्या ओपीने, म्हणजे वरच्या टेहळणी चौकीने, दुर्बिणीतून पाहून कळवलं की उतारावरचा बर्फ खाली आलाय आणि पाच माणसं दिसतायत.

पोस्टवरून रेस्क्यू पार्टी गेली. मला जाता आलं नाही. सेट सोडता येत नव्हता. १५५० ला ते मनहरणपर्यंत पोहोचले. खाली बेसला मेसेज मीच पाठवला. नंबर, रँक, नाव. समोरच्या ऑपरेटरला नाव नीट ऐकू येईना, म्हणून एकेक अक्षर सांगावं लागलं.

डाकेची थैली त्याच्या पाठीवर होती. ती बेसवर वाळवली आणि पुढे रवाना केली. सीलबंद पाकिटं कोणी उघडत नाही.

सात महिन्यांनी मी रायपूरला घरी आलो. परीक्षेचं पत्र आलं होतं, आधी टायपिंग, मग लेखी. सकाळी निघताना बायको म्हणाली, "तुम्ही काहून असे गप्प होऊन राहिले? पास होऊन जासान."

एका शाळेच्या हॉलात टाइपरायटर ओळीने मांडले होते. बाबू हजेरी घेत होता. माझ्या नावाला मी "हाजिर" म्हणालो. त्याने पुढचं नाव घेतलं.

"मनहरण साहू."

दोन्ही पाकिटं एकाच थैलीतून आली होती, आणि आमचे रोल नंबर लागोपाठ पडले होते.

"मनहरण साहू?" बाबूने मान वर केली. "नहीं आए?"

मी उभा राहिलो. "साहब, वो नहीं रहे. ड्यूटी पर, बर्फ में…"

बाबूने रजिस्टरच्या रकान्यावर बोट ठेवलं. "यहाँ तो उपस्थित या अनुपस्थित ही लिखना है, भैया," तो हळू म्हणाला. मग काहीच न लिहिता पुढचं नाव घेतलं.

माझ्या शेजारच्या मशीनमध्ये कागद लावलेला होता, समोरची खुर्ची रिकामी होती. घंटा झाली. आजूबाजूला सगळ्या मशीन सुरू झाल्या. माझी बोटं पहिलं मिनिट हललीच नाहीत.

तरी मी पास झालो. नेमणुकीचं पत्र मिळाल्यावर पहिल्या रविवारी बसने अभनपूरला उतरलो आणि मनहरणच्या घरी गेलो. त्याची बायको सूप घेऊन ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, हॉलातली हजेरीसुद्धा. तिने सूप खाली ठेवलं.

"भैया, वो बैठते तो पास होते क्या?"

"हव," मी म्हणालो. "मुझसे पहले. उनका हाथ मुझसे तेज था."

तिने मान हलवली. मग आत वळून, ऐकू कमी येणाऱ्या सासूला ऐकू जावं म्हणून, छत्तीसगढीत मोठ्याने म्हणाली, "सुनत हस दाई? ओ पास हो जातिन."