उतरवलेली मोळी

माझ्यासारखीने निवृत्तीनंतर लेखणी हाती धरावी, हे धार्ष्ट्यच आहे. वाचकांनी क्षमा करावी. पण वाटेत भेटलेल्या एका मोळीवाल्या बाईचे आभार मानायचे राहून गेले आहेत, आणि तिचे नाव विचारण्याचे धैर्यही तेव्हा मला झाले नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाचजणी डोंगरी सायकली घेऊन दोन दिवस तलासरीच्या बाजूला गेलो होतो. वेवजी गावाच्या पुढच्या चढावर मी सर्वांत मागे होते; बाकीच्या चौघी केव्हाच पुढे दिसेनाशा झाल्या होत्या. खडीवर चाक घसरले आणि सायकल माझ्या अंगावर आडवी झाली.

मागून एक बाई सरपणाची मोळी घेऊन येत होती. तिने मान झटकून मोळी कडेला टाकली आणि एका हाताने सायकल उचलली.

"अगं बाय, बाई सायकलवर बसते. इथं तर सायकलच बाईवर बसलीय!"

रडता रडता मला हसू आले. पाय शाबूत होता. पण धीर सुटला होता. "मी आता गाडीच बोलावते," मी म्हणाले.

"गाडी मागनं बोलव. आधी मोळी चढवून दे. एकटीला उचलत नाही ती."

दोघींनी जोर लावला, तेव्हा कुठे मोळी तिच्या डोक्यावर गेली. एक हात वर धरून ती त्याच चढाने संथपणे निघाली. मग मला गाडी बोलावण्याची लाज वाटली. तिच्या मागोमाग मी माथ्यापर्यंत सायकल चालवली.

त्या रस्त्यावर दुसरे कोणीच नव्हते. मला मोळी पेलली नसती, तर ती बाई मोळीसकट तिथेच अडकली असती. तिच्या जागी तुम्ही असता, तर मोळी उतरवली असती का?